निरोप्याचं पाणी

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हय बाई, वाचल्या की. दोन्ही वाचल्या, आणि दोन्ही लिवणारे पळपुटे हायत.

असं तोंडावर सांगितलं तवा रक्षिता बाई हसली न्हाई, वहीत टिपून घेतलं तिनं. खानापूरकडची पोरगी, आमच्या गुंदच्या शाळेत शिकवायला आलीय. गोष्टींची पुस्तकं पिशवीत घालून हिंडते आणि बायकांच्या गळ्यात मारते. पुढल्या महिन्यात रामनगरात बायका जमणार, गोष्टींवर बोलणार. मला विषय दिलाय. गोष्टीत माणूस जातो, काय तरी कायमचं हरवतं, तवा लिवणारा शेवट कसा करतो. चार-पाच गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणली. मी म्हणलं, बाई, मी सातवी पास, आणि सातवीचं गणित शेजारणीचं बघून लिवलेलं. ती म्हणली, "म्हणून तर तुम्हाला सांगते गिरजाकाकी. शिकलेल्या बायका छान छान म्हणतात आणि चहा पिऊन जातात."

ही वही तिनंच दिली. पण हिच्यात मी माझं पण लिवणार, म्हणजे तिला दाखवायची न्हाई.

पयल्या गोष्टीत एक बाई नवऱ्याची वाट बघते. दूध उतू जातं, कुत्रं भुंकतं, ती वाट बघते. शेवटी दार वाजतं. संपली गोष्ट. दारात नवरा हाय का पोलीस हाय का शेजारीण विरजण मागायला आलीय, कायबी सांगत न्हाई. दुसरीत एक म्हातारा नव्या वहाणा घेतो आणि गावभर दाखवत सुटतो. शेवटच्या ओळीत वहाणा उंबऱ्याबाहेर, कोऱ्या करकरीत. मेला असं लिवलेलं न्हाई, पण मेलाच की. एकजण दार वाजवून पळाला, दुसरा वहाणा ठेवून पळाला. शेवटाला समोर उभं राहायचं दोघांना भ्या वाटलं.

आमच्या घरात पण तेच चाललंय. शिवा भावजींना काल बेळगावला नेलं. शिवा भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. छातीत कळ आली, घाम फुटला, महेशनं टेंपोत घातलं. महेश त्यांचा पोरगा. सुंदरी जाऊ शकली न्हाई. सुंदरी म्हणजे माझी धाकटी जाऊ, महेशची आई. दिवाळीआधी शेताच्या बांधावरनं पाय घसरला, गुडघ्यापास्नं खाली प्लास्टर. कापलेलं भात शेतात पडलंय, नवरा दवाखान्यात, आणि ती खाटेवर. मी सोबतीला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात फोन लागत न्हाई. वरच्या खडकावर गेलं तर लागतो, ते पण करवंदीच्या जाळीकडं तोंड करून उभं राहिलं तर. सुंदरीला चढता येत न्हाई, म्हणजे रोज निरोप आणायचं काम माझं.

आज खडकावर निघाले तशी तिनं मला खाटेजवळ बसवलं.

"अक्का, एक कबूल कर."

"तुझी सोन्याची माळ मला पायजे. मग कबूल."

"चेष्टा नको." तिनं माझं मनगट धरलं. "वाईट निरोप आला तर तू माझ्या घरचं पाणी घ्यायचं न्हाई."

आमच्यातला हा नेम हाय. मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस त्या घरात पाणी पीत न्हाई. अंगणातच उभा राहतो. त्यानं तांब्याला हात लावला न्हाई की घरातल्यांनी समजायचं. तोंडानं बोलायच्या आधी कळतं.

"महेश म्हणेल आईला सांगू नका," सुंदरी म्हणली. "सगळीच म्हणतील, पाय मोडलाय, धक्का बसेल, मढं दारात आल्यावर सांगू. तू तसं करायचं न्हाई. मी तुला फसवलं व्हतं काय?"

न्हाई फसवलं. माझे मालक दांडेलीला लाकडाच्या कामावर बसल्या जागी गेले. निरोप शिवा भावजींच्या फोनवर आला, खडकावर असताना, पण भावजींचे पाय उचलेनात. सुंदरीच आली. तुळशीपाशी उभी राहिली. मी पाणी पुढं केलं, तर तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मग म्हणली, अक्का, मोठे भावजी गेले. एवढंच. ना रडारड, ना आडवळण.

"कबूल," मी म्हणलं. "पण तुझ्या घरचं पाणी आधीच गढूळ असतं, एखाद दिवशी नको वाटलं तर?"

"तरी दोन घोट घ्यायचे."

खडकावरनं आले तवा ती तांब्या भरून हातात घेऊनच बसलेली. काय झालं असं विचारलं न्हाई. नुसता तांब्या पुढं केला. मी दोन घोट घेतले, नाक मुरडलं. मग तिनं श्वास सोडला आणि विचारलं, "काय म्हणला महेश?"

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवे लागल्यावर तिला गोष्ट वाचून दाखवली. दिवसा वाचू देत न्हाई. दिवसा गोष्ट सांगितली की वाटेवरचा माणूस वाट चुकतो म्हणे. मी म्हणलं, "भावजी पलंगावर हायत, नाकात नळी हाय, कुठली वाट चुकणार?" ती म्हणली, "आज ना उद्या घरच्या वाटेला लागतीलच की. तुला काय करायचंय, दिवे लागल्यावर वाच."

दाराची गोष्ट तिला मुळीच आवडली न्हाई. "असा कसा बंद केला ह्यानं? मला पुढं सांग."

"पुढं न्हाई. पान संपलं."

"मग त्या बाईनं दार उघडलं का न्हाई?"

"लिवणाऱ्याला विचार."

"त्याला म्हणावं, तुझ्या बायकोला ठेव असं दारात ताटकळत."

वहाणांची आवडली. म्हाताऱ्याच्या मिजाशीवर हसली. शेवट ऐकला आणि भावजींच्या चपला खाटेखाली सरकवून ठेव म्हणली.

आमची दोन्ही घरं एका भिंतीची. दोघे भाऊ वेगळे झाले तवा मधी भिंत घातली, मातीची, पातळ. नवरा-बायकोचं रात्रीचं पुटपुटणं मला ह्या बाजूला ऐकू येतं. काय बोलतात कळत न्हाई, नुसती कुजबूज, मधी भावजींचा खोकला, मधी सुंदरीचं हसणं. मी सकाळी तिला टोमणे मारते, काल कुणाची खोड काढत होता गं दोघं, झोप लागू दिली न्हाई मला. आता ते बंद हाय. छान झोप लागायला पायजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरी गोष्ट वाचली. ही उलटी. पयल्याच ओळीत आत्या मेली असं सांगून टाकलंय. मग पुढं सगळी गोष्ट आत्याच्या भांडणांची, तिच्या चोरून तपकीर ओढायची, तिनं जावयाला शिळी भाकरी घातली त्याची. सुंदरी इतकी हसली की प्लास्टरमधला पाय दुखला. शेवटच्या ओळीत आत्याची तपकिरीची डबी सापडते, भरलेली. तिथं हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्यो लिवणारा बरा," ती म्हणली. "ह्यानं अंगणातनंच सांगितलं."

"म्हणजे?"

"पाणी न पिता सांगितलं. मग बस म्हणलं, आता तिच्या गोष्टी सांगतो."

रक्षिता बाईला हे सांगायला पायजे. लिवणारे दोन जातीचे. पाणी पिऊन मग सांगणारे आणि पाणी न पिता सांगणारे. दार वाजवणारा पयल्या जातीचा. पान पान भर आपल्या घरात बसतो, खातो पितो, आणि निरोप द्यायच्या वेळी धोतर सावरून चालता होतो. हे माझं न्हाई, सुंदरीचं. पण रामनगरात मी माझं म्हणूनच सांगणार.

भावजींचं ऑपरेशन करायचं ठरलंय. सोमवारी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज माझ्या हातनं वाईट झालं.

खडकावर महेश म्हणला, तब्येत बरी हाय, जेवले, नर्सबाईशी कन्नडमधनं भांडले. मी खुशीत खाली उतरले. सुंदरीनं तांब्या पुढं केला. आणि मला कुठनं बुद्धी आली कुणास ठाऊक, मी तांब्या घेतला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले. तोंड लांब केलं. नुसती चेष्टा. मी सगळ्यांचीच करते, भटजींची पण करते.

सुंदरी पांढरी पडली. दोन्ही हातांनी खाटेची कड धरली. हिरव्या बांगड्या एकमेकींवर वाजायला लागल्या.

मी घटाघटा पाणी प्याले. "चेष्टा केली गं, चेष्टा केली. नर्सशी भांडले म्हणे, इडली गार होती म्हणून."

तिनं तांब्या माझ्या हातनं काढून घेतला. मग म्हणली, "अक्का, तुझं सगळं सोसते मी. पण ह्या तांब्याशी खेळू नको. मला तेवढाच एक भरवसा हाय."

जेवण करून तिच्या पायाशी बसले. खोबरेल लावून बोटं चोळून दिली. दिवे लागले तरी तिनं गोष्ट वाच म्हणलं न्हाई.

एवढा वेळ ती कापत होती आणि माझं लक्ष बांगड्यांकडं होतं. नव्या हायत. भावजींनी दिवाळीला रामनगरच्या बाजारातनं आणलेल्या. बांगड्या आणल्या, आबोलीचा गजरा आणला. मी तवा म्हणलेलं, आबोलीला वास तरी असतो काय, उगा पैसे घालवले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चौथी गोष्ट एकटीनंच वाचून बघितली आधी, आणि बरं केलं.

दोन शेजारणी. दोघींचे पोरगे एकाच होडीवर मासेमारीला. वादळ होतं. एकीचा परत येतो, एकीचा येत न्हाई. ज्या बाईचा आलाय ती भाकऱ्या बांधून दुसरीच्या घरी समजूत काढायला निघते. चांगली बाई, डोळे पुसत पुसत चाललीय. शेवटची ओळ अशी, की वाटेत तिला कळतं, आपण गाणं गुणगुणतोय.

घाण गोष्ट. असं कुणी लिवतं काय. शेजारणीचं पोर गेलं आणि हिला गाणं सुचतं. आणि लिवणाऱ्याला पण ते छापताना लाज वाटली न्हाई. सुंदरीला ही वाचून दाखवायची न्हाई. पानाला चिमटा लावून ठेवलाय, म्हणजे चुकून उघडायला नको.

रक्षिता बाई वाटेत भेटली तर तिला विचारलं, ही कशाला घेतली पुस्तकात. ती म्हणली, "काकी, मला ह्या पुस्तकातली हीच खरी वाटते."

"तुझं लग्न व्हायचंय अजून," मी म्हणलं. "सासरी गेलीस की कळेल काय खरं ते."

२३ नोव्हेंबर, रविवार

आज फोनवर भावजी स्वतः बोलले. आवाज लांबनं आल्यासारखा, पण मिजास तीच.

"वैनी, तिला सांग, भात झोडायची घाई करू नको म्हणावं. मी आल्यावर करू."

"दोन माणसं लावून झोडलं पण," मी म्हणलं. "तुमच्यावाचून गाव अडत न्हाई."

हसले. हसताना खोकला आला. मग म्हणले, "तिला एकटीला झोपू देऊ नको. तिला बोलल्याशिवाय झोप लागत न्हाई. तू भिंतीपल्याडनं तरी बोल."

मी व्हय म्हणलं. फोन ठेवल्यावर खडकावर थोडा वेळ बसले. खाली दोन्ही घरांचं एकच छप्पर दिसतं. बारा वर्षं त्या छपराच्या एका बाजूला मी एकटी झोपते. भिंतीपल्याडनं बोलावं असं कुणाला सुचलं न्हाई.

सुंदरीला सगळा निरोप दिला, झोपेचं सोडून. ते दिलं न्हाई. का दिलं न्हाई ते ठाऊक न्हाई. विसरले असेन.

उद्याची गोष्ट आधीच वाचून ठेवली. नावेची हाय. एक बाई नदीकाठी नवऱ्याची वाट बघते. नाव येते. नावेत नुसता नावाडी. तो तिला नवऱ्याची छत्री देतो आणि गप उभा राहतो. बाई छत्री उघडते. पाऊस न्हाई, ऊन न्हाई, तरी डोक्यावर धरून घरी जाते. बस्स. ह्यो लिवणारा दार वाजवून पळाला न्हाई. छत्री हातात दिली आणि तिच्यासमोर उभा राहिला. सगळ्या गोष्टींत ही मला उजवी वाटली. पण उद्या ऑपरेशन हाय. उद्या ही वाचायची का न्हाई, बघू.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खडकावर गेले. आले.

वळणावरनंच हाक मारली, सुंदरी, तुझ्या अंगणात माकडं आली बघ गं. माकडं न्हवती. रोजचंच आपलं.

तिनं तांब्या दिला. पाणी प्याले. महेश म्हणला ऑपरेशन झालं, असं सांगितलं. डॉक्टर कुणाला भेटू देत न्हाईत, असं सांगितलं.

ती म्हणली, आत्ताच गोष्ट वाच. मी म्हणलं, अगं, दुपार हाय. ती म्हणली, असू दे, वाच. महिना-दीड महिना खाटेवर पडून तिला करमत नसेल म्हणून मी पण जास्त वाद घातला न्हाई.

नावेची वाचली. नावेतनं नवरा उतरला, छत्री काखोटीला. म्हणला, भूक लागलीय. बायको म्हणली, आधी पाय धू. मग तिनं त्याला जेवायला घातलं. नाचण्याची भाकरी, मासळीचं आंबट, कंदाची भाजी, वर ताक. तो जेवून आडवा झाला, ती शेजारी बसून दिवसभराचं सांगत राहिली. असा शेवट.

सुंदरीनं मधी एकदा विचारलं, आंबटात तिनं कोकम घातलं का चिंच. मी म्हणलं, कोकम.

जास्त लिवत न्हाई. माणसं यायला लागतील.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शिवा भावजी सोमवारी सकाळीच गेले. ऑपरेशनला न्यायच्या आधी.

खडकावर महेशला बोलता येत न्हवतं. एवढंच म्हणला, "मोठ्याई, बाबा गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत पोचतो. तोवर आईला सांगू नको. तुझ्या पाया पडतो. ती एकटी हाय, पाय मोडलेला, काय करून घेईल." मी व्हय म्हणलं.

संध्याकाळी गाडी आली. अंगणात माणसं आधीच जमलेली. सुंदरीला दोघींनी धरून बाहेर आणलं. ती रडली न्हाई. माझ्याकडं बघितलं न्हाई. भावजींच्या पायाशी बसली आणि त्यांच्या पायाला लागलेली धूळ पदरानं पुसली.

मग बायकांनी बांगड्यांचं काढलं. दगड घेऊन आल्या. मी म्हणलं, खबरदार, कुणी दगड उचलू नका. सुंदरी म्हणली, "अक्का, तूच काढ." मी तिचे हात घमेल्यात बुडवले, साबण लावला, एकेक बांगडी सरकवून काढली. एकबी फुटली न्हाई. हात एवढेसे झाले एकदम, पोरीचे असावेत तसे.

भिंतीपल्याड रात्रभर बायका बसतात. कुजबूज असते. पण ती वेगळी.

७ डिसेंबर, रविवार

काल तेरावा झाला. आलेली माणसं गेली.

जाता जाता सगळ्यांनी मला चांगलं म्हणलं. फुलाबाई शेजारीण म्हणली, गिरजा, तुझ्या काळजाची कमाल हाय, पोटात एवढं ठेवून तू तिला गोष्ट वाचून दाखवलीस, शेवटची दुपार सुखाची दिलीस. महेश तर खरंच पाया पडला. रक्षिता बाई आली व्हती. तिला कुणी तरी पाण्याचं आणि नावेच्या गोष्टीचं सांगितलेलं. ती म्हणली, "काकी, तुम्ही गोष्टीचा शेवट बदललात. कुणासाठी तरी खोटा शेवट लिहिणं ह्याला पण माया लागते. रामनगरात हेच बोला."

मी नुसतं हूं म्हणलं.

आज घरात आम्ही दोघीच. सुंदरीच्या पायाचं प्लास्टर परवा काढणार. मी भात वाढला, ती चिवडत बसली.

मग म्हणली, "तांब्या रिकामा केलास तू अक्का."

"कवा?"

"त्या दिवशी. रोज दोन घोट घेतेस, ते पण नाक मुरडून. त्या दिवशी एका दमात सगळा तांब्या प्यालीस. हनुवटीवरनं पाणी गळत होतं."

मी म्हणलं, तहान लागली होती, खडक चढून आलेले.

"म्हणून मी दुपारी वाचायला सांगितलं," ती म्हणली. "कुणी वाटेवर असतं तर दुपारी गोष्ट वाच म्हणलं असतं काय मी?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"मग बोलली का न्हाईस त्याच वेळी?"

"तू गोष्ट रचत व्हतीस. पुस्तकात बघतच न्हवतीस, पान पण उलटलं न्हाईस. तो नावेतनं आला, भूक लागली म्हणला. मला बघायचं होतं तू त्याला काय काय घालतेस." आणि म्हणली, "कंदाची भाजी ह्यांना आवडायची न्हाई. पण मी काय बोलले न्हाई."

मला हसू आलं आणि ती पण हसली. असं वाईट हसलो आम्ही दोघी, दार लावून घ्यावं लागलं.

मग ती म्हणली, "पण तू कबूल केलं व्हतंस."

"व्हय."

"महेश पाया पडला म्हणून प्यालीस?"

मी भांडी उचलली आणि मोरीत गेले. ती वाट बघत राहिली असेल. मी परत आले तवा तिनं दुसरंच काढलं.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या रामनगर. रक्षिता बाईनं जीपची सोय केलीय. सुंदरी पण काठी घेऊन येते म्हणते, अक्काचं भाषण ऐकायचंय. येऊ दे.

काय बोलायचं ते ठरवलंय. दार वाजवून पळालेला, वहाणा ठेवून पळालेला, आत्याचा पयल्याच ओळीत सांगणारा, छत्री हातात देणारा. चारही सांगणार. सुंदरीचं पाण्याचं पण सांगणार, आणि ते सुंदरीचं हाय असं सांगणार. बायका हसतील, टाळ्या वाजवतील. चहा असेलच.

होडीची ती घाण गोष्ट पण सांगावी काय, ह्यात रात्र गेली. आज चिमटा काढून ती परत वाचली. भाकऱ्या बांधून निघालेली बाई. लिवणाऱ्यानं शेवटी काय केलंय ते आज कळलं मला. सगळ्यांनी शेवटाला कोण गेलं ते सांगितलं, न्हाई तर लपवलं. ह्यानं एकट्यानं, जी राहिली तिला शेवटाला धरलंय. ती चांगली बाई हाय. रडते ते पण खरं हाय. आणि गुणगुणते ते पण खरं. मी घाण गोष्ट म्हणलं, कारण पुढं काय होणार ते माझ्या पोटाला आधीच ठाऊक असेल.

काल भिंतीपल्याडनं सुंदरीनं हाक मारली, अक्का, जागी हाईस काय. मी जागी होते. बोलले न्हाई.

तिनं विचारलेलं त्याचं उत्तर इथं लिवते, तिथं उद्या बोलवेल का ठाऊक न्हाई.

महेशसाठी न्हाई प्याले मी ते पाणी. तिच्या मोडक्या पायासाठी पण न्हाई. खडकावर महेश म्हणला, बाबा गेले. मी खाली दोन्ही घरांचं छप्पर बघितलं आणि माझ्या मनात पयलं आलं ते असं, की आता भिंतीपल्याडनं कुणाचं हसणं येणार न्हाई, आता दोघी सारख्या. आणि मला बरं वाटलं. रडू मागनं आलं. आधी बरं वाटलं. तेच तोंडावर दिसू नये म्हणून मी तांब्या तोंडाला लावला, आणि संपेपर्यंत काढला न्हाई.